नागपुरात जलअस्वल कसं शोधायचं, वाळवायचं आणि परत उठवायचं

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सोबत गेलेल्या भारतीय प्रयोगांत एक प्रयोग टार्डिग्रेडचा, म्हणजेच जलअस्वल या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्याचा होता, व्हॉयेजर टार्डिग्रेड्स नावाचा, आणि तेव्हापासून पोरं, त्यांचे मायबाप, शाळेतले सर, सगळेच विचारून राहिले की हा प्राणी पाहायला कुठे मिळतो. उत्तर सोपं आहे. धरमपेठेत राहा, महालात राहा नाहीतर मानेवाड्याला, तुमच्या किंवा शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर जे हिरवं मखमली मॉस वाढलेलं असतं ना, त्यात तो असण्याचे चान्सेस चांगले आहेत. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये (आयआयएससी) २०२० साली ज्या टार्डिग्रेडवर गाजलेलं संशोधन झालं तोही तिथल्या कॅम्पसमधल्या काँक्रीटच्या भिंतीवरच्या मॉसमध्येच सापडला होता. यासाठी अंटार्क्टिकाला जायची गरज नाही.

पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच चालणार आहे. हा प्राणी अमर वगैरे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तसं "उकळा, गोठवा, मरतच नाही" असं अजिबात नाही. ओला, चालताफिरता जलअस्वल नाजूक असतो, आणि नीट वाळलेला जलअस्वल चिवट असतो, एवढा फरक लक्षात ठेवा. २०२० मध्येच डेन्मार्कच्या संशोधकांनी रामाझोटियस व्हॅरिओर्नाटस या जातीवर पाहिलं की उष्णतेची सवय नसलेले ओले प्राणी ३७.१ अंशांवर २४ तास ठेवले की अर्धे मरतात. ३७ अंश! आपल्याकडे मार्चमध्येच दुपारी तेवढं होऊन जाते. आणि त्याच जातीचे वाळलेले प्राणी? त्यांच्यातले अर्धे मरायला एक तासासाठी ८२.७ अंश लागले, पूर्ण २४ तास ठेवले तर ६३.१ अंश. प्राणी तोच, फरक फक्त अंगात पाणी आहे की नाही याचा.

म्हणूनच मला वाटते की नागपूरसारखी जागा हे समजायला फार चांगली आहे. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ४५-४६ अंशांत भिंतीला हात टेकवत नाही, मॉस काळंतपकिरी पडून कुरकुरीत झालेलं असते, आपल्याला वाटते मेलं, आणि जूनच्या मध्यात पहिला दमदार पाऊस झाला की तेच मॉस तासाभरात हिरवं होते. त्याच्या आत राहणारे प्राणीही तेच करतात. त्यांचा चिवटपणा अंतराळासाठी तयार झालेला नाही, असल्याच भिंतींवर दरवर्षी वाळायचं आणि उठायचं म्हणून तयार झालेला आहे, अंतराळात तो फक्त कामी येतो.

आता कामाला लागू.

मॉस कुठलं घ्यायचं? निसरडा हिरवा थर, म्हणजे मोरीजवळ नाहीतर टाकीखाली असतो तो, ज्याच्यावरून पाय घसरतो, तो सोडून द्या, ते शैवाल आहे. आपल्याला पाहिजे ते मखमली, बोटाने दाबलं तर दबणारं, बारीक बारीक पानं असलेलं, आणि नखाने उचललं तर खाली माती धरून गोळ्याने निघणारं मॉस. जुन्या विटांच्या भिंतीवर, चुन्याच्या कामावर, गच्चीच्या कठड्याच्या उत्तरेकडच्या बाजूला, जुन्या झाडाच्या बुंध्यावर मिळते. बरेच जण कूलरच्या खालचं मॉस आणतात कारण आपल्याकडे कूलरचं पाणी चार महिने गळत असते आणि तिथे ते छान वाढते, पण तिथलं सतत ओलं असते, आणि आपल्या कामाला असं मॉस जास्त चांगलं जे कधी ओलं होते कधी कडकडीत वाळते. कारण सतत पाण्यात राहणाऱ्या टार्डिग्रेडच्या बऱ्याच जाती वाळणं नीट सोसू शकत नाहीत. फुटाळा नाहीतर अंबाझरीच्या काठचा गाळ आणला तर त्यात टार्डिग्रेड दिसेलही कदाचित, पण वाळवून उठवायचा प्रयोग त्याच्यावर करू नका, उगाच मारून टाकाल.

भिंत दुसऱ्याची असेल तर विचारून घ्या. किल्ला, जुनं देऊळ, कुठलंही संरक्षित स्मारक असेल तर तिथलं अजिबात खरवडू नका, गोरेवाड्यासारख्या जंगलातलंही नको. घराजवळ एवढं मिळते की गरजच पडत नाही. आणि पावसाळ्यात भिंतीच्या फटीत हात घालायच्या आधी नीट पाहा, विंचू असतो, इंगळी लागू शकते, पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

दहा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा पुरतो, खरंच पुरतो, त्याहून मोठा काढू नका. चमच्याच्या मागच्या टोकाने खालच्या मातीसकट उचला, खाकी कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं की आत घाम धरते, ओलं राहते, सडते आणि वास मारते. पाकिटावर पेनने तारीख, जागा, भिंत की झाड, ऊन कुठल्या बाजूने येते हे लिहा. हे लिहायचा कंटाळा येतो पण चार पाकिटं झाली की कुठलं कुठलं काही कळत नाही, आणि जिथे भरपूर सापडले ती जागा परत शोधता आली पाहिजे ना.

सीझन म्हणाल तर मला ऑक्टोबर ते फेब्रुवारी आवडतो. पाऊस संपलेला असतो, मॉस भरलेलं असते, आणि घरात ठेवलेलं पाणी ३० च्या खालीच राहते. एप्रिल-मेमध्ये करायचं असेल तर मॉस गोळा करायला काहीच हरकत नाही, ते वाळलेलंच असते, पण एकदा भिजवलं की ती वाटी खिडकीजवळ, गच्चीवर किंवा किचनच्या ओट्यावर ठेवू नका, वर सांगितलं तो ३७ अंशांचा आकडा आठवा. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, फरशीवर ठेवा.

भिजवायचं असं. एक पसरट वाटी किंवा पेट्री डिश घ्या, मॉसचा तुकडा उलटा ठेवा, म्हणजे हिरवी बाजू खाली आणि माती वर, आणि बुडेल एवढं पाणी घाला. नळाचं पाणी थेट नको, त्यात क्लोरीन असते, उघड्या भांड्यात एक दिवस ठेवलं तर चालते. पावसाचं पाणी सगळ्यात मस्त. नाहीतर बाटलीबंद पाणी. झाकून रात्रभर राहू द्या. सकाळी मॉस त्याच पाण्यात हलकं झटका, बोटांनी पिळा, बाजूला काढा, ते फेकू नका, परत वाळवून ठेवता येते. मग वाटीतलं पाणी दहा-पंधरा मिनिटं अजिबात हलवू नका. जलअस्वलाला पोहता येत नाही, तो तळाशी बसतो, म्हणून ड्रॉपरने तळाचंच पाणी ओढायचं. वरचं पाणी पाहून "काहीच नाही" म्हणणारे खूप असतात.

मायक्रोस्कोप कुठला? शाळेतला साधा असला तरी चालते. १० च्या आयपीससोबत (डोळ्याजवळचं भिंग) ४ चं ऑब्जेक्टिव्ह (खालचं भिंग) लावलं की ४० पट होते, शोधायला तेवढंच पाहिजे, सापडला की १० चं लावा म्हणजे १०० पट. लोक उत्साहात थेट ४०० वर जातात आणि मग काही सापडत नाही कारण दिसणारी जागा एवढीशी होऊन जाते. डिसेक्शनचा स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळाला तर अजून सोपं, डिशच थेट खाली ठेवता येते. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने काढलेला कागदी फोल्डस्कोपही चालतो, साधारण १४० पट दाखवतो, पण त्याच्यात शोधायला धीर लागतो. कुठलाही असो, उजेड जरा कमी करा, खालची पाकळी अर्धी बंद करा. हा प्राणी जवळजवळ पारदर्शक असतो, भरपूर उजेडात तो दिसतच नाही, समोर असून निघून जातो.

आता ओळखायचं कसं. त्या एका थेंबात भरपूर जत्रा असते. सगळ्यात आधी दिसतील ते दोन्ही टोकांना निमुळते, पाय नसलेले, सारखे वळवळणारे सूत्रकृमी. मग रोटिफर, ते एक टोक चिकटवून अंग लांबवतात आणि परत आखडतात, तोंडाशी बारीक केसांची चाकं फिरल्यासारखी दिसतात. जलअस्वल यांच्यात लगेच वेगळा कळतो कारण तो चालतो. जाडसर, तुकड्या-तुकड्यांचं अंग, पायांच्या चार जोड्या, पहिल्या तीन खाली आणि चौथी एकदम मागे, प्रत्येक पायाला नख्या. बऱ्याच जातींना डोक्याशी दोन काळे ठिपके असतात, ते डोळे. पोटात हिरवट किंवा तपकिरी काहीतरी दिसते, ते त्याचं जेवण. लांबी बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. काचेवर त्याला पकड मिळत नाही, आठही पाय मारत राहतो आणि जागचा हलत नाही, पाहवत नाही ते. मॉसचं एक पान नाहीतर वाळूचे दोन कण त्या थेंबात सोडा, तो नख्या रोवून लगेच त्याच्यावर चढतो आणि मग खरी चाल दिसते. १७७३ मध्ये योहान गोत्झे या जर्मन पाद्र्याने हे पहिल्यांदा पाहून लिहिलं तेव्हा त्यालाही अस्वलच आठवलं, आणि टार्डिग्रेड म्हणजे सावकाश चालणारा हे नाव दोन-तीन वर्षांनी इटलीच्या स्पालान्झानीने दिलं.

पहिल्या तुकड्यात नाही सापडला तर निराश होऊ नका. जागा बदला, दुसरी भिंत, दुसरं झाड. एकाच भिंतीवर एका तुकड्यात वीस-पंचवीस आणि हातभर अंतरावर एकही नाही असं होते.

आता मेन गोष्ट, वाळवणं. यात घाई केली की सगळं वाया. हवा कोरडी होत जाते तसा हा प्राणी पाय आत ओढतो, अंग लांबीने आखडून घेतो आणि छोटी गोळी होऊन बसतो, याला टन म्हणतात. अंगातलं पाणी दोन-तीन टक्क्यांवर येते, जगण्याची क्रिया इतकी मंदावते की मोजता येणं मुश्किल. पेशीतल्या वस्तू पाण्याशिवाय मोडू नयेत म्हणून तो त्या वेळात काही खास प्रथिनं बनवतो, पाणी गेलं की ती काचेसारखी घट्ट होऊन आतल्या नाजूक गोष्टी धरून ठेवतात. पण हे सगळं करायला त्याला वेळ लागतो. पाणी भराभर उडालं तर तयारी अर्धवट राहते आणि तो मरतो, मग त्याच्यावर कितीही पाणी घाला.

आणि इथेच नागपूरचा प्रॉब्लेम आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा एवढी कोरडी असते की स्लाइडवरचा थेंब पंख्याखाली पाहता पाहता उडतो. म्हणून उघड्यावर, स्लाइडवर, पंख्याखाली वाळवू नका. जेवणाचा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, एका कोपऱ्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवा, फिल्टर पेपरच्या छोट्या तुकड्यावर थोडी बारीक धुतलेली वाळू पसरा आणि ड्रॉपरने पाच-सात जलअस्वल त्याच्यावर सोडा, पाणी अगदी कमी. झाकण लावा. दुसऱ्या दिवशी कापूस काढून घ्या. तिसऱ्या दिवशी झाकण थोडं उघडं ठेवा. कागद पूर्ण वाळला की कागदी पाकिटात घालून तारीख लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असते तर कापसाची गरज पडत नाही. हे सगळं करायचं नसेल तर सोपा रस्ता म्हणजे मॉसलाच वाळू द्या, मॉस स्वतः हळूहळू पाणी सोडते आणि आतल्यांना पुरेसा वेळ मिळतो, निसर्गात तेच होते. फक्त मग प्राणी मोजता येत नाहीत.

आठवड्याभराने उठवा. कागद डिशमध्ये ठेवा, पाण्याचा एक थेंब सोडा आणि मायक्रोस्कोपवरून डोळा काढू नका. हे पाहण्यासारखं आहे, मनापासून सांगतो. आधी नुसती सुरकुतलेली गोळी असते, मातीचा कण समजून सोडून द्याल अशी. थोड्या वेळात सुरकुत्या सैल होतात, अंग लांब व्हायला लागते, पायांचे कोंब बाहेर येतात पण ते ढिले पडलेले असतात, जीव नसल्यासारखे. मग एखादा पाय झटका देतो. मग थांबतो, बराच वेळ काहीच नाही, आणि परत झटका, मग दुसरा पाय, आणि मग एकदम सगळं अंग वळते आणि तो कशाला तरी नख्या लावून चालायला लागतो. कुणी अर्ध्या तासात उठतो, कुणाला कितीतरी तास लागतात. जेवढा जास्त काळ वाळलेला, तेवढा सहसा जास्त वेळ.

उघड्या अंतराळात ठेवले तेसुद्धा असेच वाळवलेले. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीच्या मोहिमेत रशियाच्या फोटॉन-एम३ यानातून दोन जाती दहा दिवस उघड्या अंतराळात ठेवल्या होत्या. नुसती पोकळी त्यांनी आरामात सोसली, परत आणून पाणी घातलं, उठल्या, अंडी घातली. पण ज्यांच्यावर सूर्याचं पूर्ण अतिनील ऊन पडलं त्यांच्यातले फारच थोडे वाचले. म्हणजे हवा नसणं ही त्यांची अडचण नव्हती, कारण वाळलेल्याला हवा लागतच नाही, अडचण उन्हाची होती. आयआयएससीचा तो बंगलोरवाला टार्डिग्रेड, पॅरामॅक्रोबायोटस, इथेच वेगळा पडतो, त्याच्या अंगात असं द्रव्य आहे जे अतिनील प्रकाश घेते आणि निरुपद्रवी निळा प्रकाश बाहेर टाकते, त्यामुळे बाकीचे मरतात तेवढ्या माऱ्यात तो टिकला. तेच द्रव्य दुसऱ्या जातीच्या जलअस्वलावर लावलं तर त्यालाही थोडं संरक्षण मिळालं. आपल्या भिंतीवर लालसर तपकिरी रंगाचा सापडला तर नीट नोंद करा, तोच आहे असं मात्र लगेच ठरवू नका, जात ओळखायला नख्या आणि अंडी तपासावी लागतात. रेडिएशनची गोष्ट अजून वेगळी. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये डीसप नावाचं प्रथिन मिळालं जे डीएनएला धरून राहते, माणसाच्या पेशींत ते घातलं तर एक्स-रेने होणारं नुकसान सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं.

चंद्रावर जलअस्वल जिवंत आहेत अशी पोस्ट येते दर काही महिन्यांनी. एप्रिल २०१९ मध्ये बेरेशीट हे इस्रायलचं यान चंद्रावर आदळलं, त्यात वाळवलेले टार्डिग्रेड होते, एवढं खरं आहे. पण २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये गोठलेले टार्डिग्रेड बंदुकीतून वाळूवर मारून पाहिले तर सेकंदाला सुमारे ९०० मीटरपर्यंत उठले, त्यापुढे तुकडे झाले, आणि यान आदळताना धातूच्या चौकटीत जो दाब तयार होतो तो याहून जास्त धरतात. आणि समजा एखादा वाचलाच तरी तिथे पाणी कुठे आहे त्याला उठवायला. तो वाळलेला असताना खात नाही, वाढत नाही, पिल्लं देत नाही. टिकणं आणि जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोरांना शिकवताना हे आवर्जून सांगा.

ज्या मॉसमधून आपण प्राणी काढतो ते मॉसही कमी नाही बरं का. जपानी संशोधकांनी २०२२ च्या मार्चपासून साधारण नऊ महिने मॉसचे बीजाणू अंतराळ स्थानकाच्या बाहेर लावून ठेवले, परत आल्यावर ८० टक्क्यांहून जास्त रुजले. आणि मॉससकट गोठवण्याचंही उदाहरण आहे, अंटार्क्टिकातलं १९८३ मध्ये गोळा केलेलं मॉस उणे २० अंशांत ठेवलं होतं, ३० वर्षांनी वितळवलं तर त्यातले टार्डिग्रेड उठले आणि एकाने अंडीही घातली. घरच्या फ्रीझरमध्ये हे करून पाहायचं असेल तर पूर्ण वाळलेलं मॉस कागदात, मग घट्ट डब्यात ठेवा, बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका नाहीतर मॉसवर दव धरते. ओव्हन, मायक्रोवेव्ह, मिक्सर असलं काही करू नका, त्यातून काही शिकायला मिळत नाही, जीव तेवढा जातो.

शेवटी मोजणी, कारण मोजल्याशिवाय हा प्रयोग होत नाही, नुसती गंमत होते. वहीत चार रकाने करा, वाळवले किती, किती दिवस वाळले, पाणी घातल्यावर एका तासात किती हलले, २४ तासांत किती हलले. खोलीचं तापमान बाजूला लिहा. २४ तासांनंतर जो लांब होऊन पाय पसरून पडलेला आहे पण हलत नाही तो मेलेला धरा, फुगला म्हणजे उठला असं नाही, पाणी शिरलं की मेलेलंही फुगते. शाळेच्या प्रदर्शनासाठी करत असाल तर दोन गट करा, एक डब्यात हळू वाळवलेला, एक स्लाइडवर उघडा वाळलेला, दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लावा. दुसऱ्या गटाला फक्त दोन-तीनच प्राणी द्या, त्यातले बहुतेक उठणार नाहीत. उठलेल्यांना त्याच दिवशी ओल्या मॉसवर सोडून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्याच भिंतीवर परत ठेवून या.